एक पट्टी खाली

मामी खोलीत येण्याआधी मी पेटीचा पट्ट्यांचा पाट उचलून एक घर डावीकडे सरकवून ठेवायचो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या भजनी मंडळात नाही, आणि मामींना तर नाहीच.

पेटीवाल्यांना यातलं कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमची पेटी स्केल चेंजर. तिचा पाट बाजूला सरकवला की बोटं त्याच पट्ट्यांवर पडतात, पण सूर खालचा निघतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला बोटं रोजच्याच जागी दिसतात. गुन्हा म्हणावा असं यात काही दिसत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षं पचला.

महाडच्या बाजारपेठेत तुम्ही मामींना पाहिलं असेलच. उंच, गोऱ्यापान, पांढऱ्या केसांचा बुचडा, अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि खांद्याला कापडी पिशवी. सुकटवालीसमोर उकिडव्या बसून मूठभर सुकट नाकाशी नेत आणि म्हणत, "ओली हाय गो तुजी. वजनाला पाणी विकतंस काय?" नवखा माणूस थबकायचा. सुकटवाली थबकायची नाही. ती म्हणायची, "बाय, तू तुज्या देशात जा नि तिकडं सुकव." मग दोघी हसायच्या आणि भाव ठरायचा.

मामी लिथुआनियाच्या. तिकडच्या एका बंदराच्या गावात त्या ऑपेरात गायच्या. आमचे मामा बोटीवर इंजिनिअर होते. बोट दुरुस्तीला लागली आणि हिवाळाभर तिथे अडकली. मामा सांगायचे, "थेटरात ऊब असते म्हणून गेलो. गाणंबिणं काय कळत नव्हतं." ते माझ्या आईच्या माहेरचे, उमरठकडच्या वाडीतले, म्हणून मामा, आणि त्यांची बायको म्हणून मामी. त्याही मला 'भाच्या' म्हणायच्या. मराठी त्या सासूकडून शिकल्या, म्हणून ती तशी होती. पुण्याची माणसं भेटली की शुद्ध बोलायचा प्रयत्न करत आणि दोन वाक्यांत थकून 'हाय-नाय'वर येत.

ऑपेरा म्हणजे काय, हे मामांनी माझ्या आईला एकदा समजावलं होतं. "अगो, आपल्या संगीत नाटकासारखंच. फक्त मधे बोलत नाहीत. भांडणपण गाऊनच." आई म्हणाली, "मग भांडण मिटतं कधी?" मामींनी उत्तर दिलं, "नाय मिटत. शेवटी बाई मरते."

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक चहाच्या कपावर. आधी कितीतरी वर्षं कोरसमध्ये, मागच्या रांगेत. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही झीलकरी." आमच्याकडे जाखडीच्या नाचात शाहिराच्या मागे ओळ उचलून धरणाऱ्याला झीलकरी म्हणतात. त्यांना तो शब्द फार आवडला. पुढे कोणी विचारलं की सांगायच्या, "मी आधी झीलकरीण. मग शाहीर."

पहिल्यांदा एकटीला गायला मिळाली ती एकच ओळ. पाहुणे आले आहेत, एवढीच वर्दी द्यायची. महिनाभर त्यांनी ती ओळ घोटली. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी वर्दी गायली आणि पाहुणा आलाच नाही. त्याचा झगा विंगेतल्या खिळ्यात अडकला होता. त्यांनी ओळ पुन्हा गायली. तरी नाही. वाजवणारे तेच परत वाजवत राहिले आणि या तीच वर्दी वेगवेगळ्या तऱ्हेने गात राहिल्या, आधी आनंदाने, मग काळजीने, मग वैतागून. लोक हसून लोळले. "दुसऱ्या दिवशी मला मोठी भूमिका दिली रे. खिळ्यामुळं."

मग नायिका झाल्या, पुष्कळ वर्षं गायल्या आणि शेवटी तिथल्याच संगीतशाळेत आवाज शिकवू लागल्या. मामांशी लग्न उशिरा झालं. मामांची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली तेव्हा दोघं वाडीवर आली ती इथलीच झाली.

वाडीवरची एक गोष्ट सगळा पोलादपूर तालुका सांगतो. आल्यावर दुसऱ्याच सकाळी मामींनी परसात उभं राहून रियाज सुरू केला. विहिरीवरच्या बायका हंडे टाकून धावल्या. पाहतात तो नवी सून डोळे मिटून, दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून, आजवर कोणी ऐकला नाही असा आवाज काढते आहे. "अंगात आलंय," एकीने ठरवलं. कोणी हळद-कुंकू आणलं, कोणी नारळ. एक म्हातारी पुढे झाली, "आये, माजा पोरगा मुंबयवरना कवा येल?" मामींना तेव्हा मराठीतला एकच शब्द पक्का येत होता. त्या म्हणाल्या, "येल, येल." पोरगा शिमग्याला आला. त्यानंतर मामांना दारात बसून माणसं परत पाठवावी लागायची. मामी म्हणायच्या, "तिकडं मला लय फुलं दिली. देवी कोणी केली नाय."

सासू गेल्यावर दोघं महाडला राहायला आली आणि मामींनी शिकवणी सुरू केली. पेटीसाठी त्यांनी मला बोलावलं. मी एमआयडीसीत शिफ्टला; सकाळपाळी असली की दुपारनंतर जायचो. शिकायला कोण यायचं? घसा बसलेल्या शाळेतल्या बाई. एक शाहीर. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, ज्याच्या घोषणा कोणालाच कळत नसत. मामींनी त्याला दोन महिने नुसता श्वास शिकवला. पुढे तो 'महाबळेश्वर' असं काही म्हणायचा की आंबेनळी घाटातली वळणं ऐकू यायची. प्रवासी म्हणायचे, याला झालंय काय.

त्यांचं शिकवणं म्हणजे दोन्ही तळवे शिकणाऱ्याच्या बरगड्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "इथनं. वर काय नाय. वर नुसतं दार हाय." एखाद्याने जोर लावला की, "सांडू नको रे." बस. यापलीकडे त्या फार बोलत नसत. ऐकत असत.

त्यांचा खरा अभिमान गळ्याचा नव्हता, कानाचा होता. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. "गळा जातो. सगळ्यांचा जातो. कान जात नाय. शिकवायला कानच लागतो." मागच्या खोलीत भांडी घासता घासता त्या ओरडायच्या, "श्रावणी, जीभ मागं गेली तुजी." आणि गेलेली असायची. फक्त एक होतं. नुसता ऐकून हा अमुक सूर, असं नाव सांगणारी माणसं असतात. मामी तशा नव्हत्या. "मला आधी पेटी लागते. पेटीनं जागा दाखवली की मग मी चुकत नाय." त्यांच्याकडे आधी विजेवरचा कीबोर्ड होता. पुराचं पाणी तळमजल्यात छतापर्यंत आलं त्यात तो गेला. मग वरच्या मजल्यावरच्या नव्या घरात फक्त माझी पेटी उरली. जागा दाखवायला दुसरं काही नव्हतं.

ही श्रावणी शिकायला पोलादपूरहून एसटीने यायची. बाप गॅरेजवाला. मुलीने गाणं शिकायला मुंबईला जावं हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. मामींनी त्याला घरी बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "हिचा आवाज माज्यापेक्षा मोठा हाय. मी खोटं सांगत नाय. गोड म्हणून सांगत नाय. ऐकून सांगतेय." तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "बाई, तुमच्या कानावर सोडली पोरीला."

मामा पुराच्या पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर मामींचा वरचा सूर पातळ व्हायला लागला. शिकवणी संपली की त्या रोज स्वतःसाठी एक गाणं गायच्या, नायिका खिडकीशी उभी राहून गाते ते. त्याच्या शेवटी एक उंच सूर होता. सावित्रीकडच्या खिडकीत माझ्याकडे पाठ करून त्या उभ्या राहत आणि तो सूर नदीपलीकडे टाकत. एक दिवस तो फाटला.

त्या वळल्या नाहीत. नुसतं विचारलं, "फाटला?"

मी म्हटलं, "नाही मामी. माझाच भाता कमी पडला."

इथे मला आमच्या गावाकडची रीत सांगायला हवी. मी वरंधकडचा. लहानपणापासून भजनात पेटीवर. आमचे बुवा म्हातारे झाले, पूर्वीच्या पट्टीत त्यांना वर जाता येईना. मला पेटी शिकवणाऱ्या नानांनी एका संध्याकाळी हळूच सांगितलं, "बुवा बसायच्या आधी एक घर खाली घे. आन बोलायचं नाय." मी घेतलं. बुवा आले, पहिला सूर ऐकला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गायला लागले. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे तो मान आहे. बुवांची पट्टी उतरली असं तोंडाने म्हणणं म्हणजे त्यांच्या पायातली वहाण काढून घेण्यासारखं.

तर दुसऱ्या दिवशी मी मामींच्या घरी लवकर गेलो. त्या खाली दूध आणायला गेल्या होत्या. मी पाट उचलला, एक घर सरकवला, बसवला. वर टॉवेल टाकला. मनात कपट नव्हतं, एवढं खात्रीने सांगतो. जे बुवांना दिलं ते मामींना दिलं.

सूर लागला. पूर्ण, गोल, पूर्वीसारखा. मामी खिडकीकडून वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना, इतका तरुण. "आज सोपं गेलं रे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चहा टाकायला गेल्या. चहात दालचिनी घातली, जी त्या फक्त सणाला घालायच्या.

त्या चहानंतर पाट परत जागेवर कसा न्यायचा, सांगा.

काही महिन्यांनी त्या पट्टीतही सूर थरथरू लागला. मी आणखी एक घर घेतलं. त्यानंतर माझ्या मागे धाकधूक लागली. त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढताना मला घाम यायचा. मामी आधीच पेटीशी बसल्या असतील तर? पेटीच्या उजव्या टोकाला पाट सरकल्याची फट दिसायची. त्यावर मी रुमाल ठेवायचो. मामींनी एकदा सहज तो उचलून धुवायला टाकला, तर मी खोकल्याचा बहाणा करून तिथे हात ठेवून बसलो.

मग एक दिवस श्रावणीने फोन काढला. त्यात सूर मोजायचं काहीतरी होतं. ती पेटीजवळ धरून म्हणाली, "काका, दाबा ना जरा." नाही कसं म्हणणार? मी दाबलं. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं.

"काका, पेटी खाली आहे."

"दमट हवा. पुरात भिजलेली पेटी आहे."

"पण दोन घरं?"

"जुन्या पेट्यांची आपली आपली पट्टी असते ग. फोनला काय कळतंय?"

मामी आतून म्हणाल्या, "काय गो?" श्रावणीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, काकांना पेटी दुरुस्त करायला परवडत नाही आणि ते लपवताहेत. "काही नाही बाई," ती म्हणाली, मला साधीशी मान हलवली आणि फोन पर्समध्ये ठेवला. चांगल्या घरची मुलगी. तिनेही माझा मान ठेवला.

त्याच पावसाळ्याअखेरीस लिथुआनियाहून फोन आला. मामी त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि बोलताना उभ्या राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, त्यांच्या जुन्या थेटरात एक संध्याकाळ होणार आहे, जुन्या गायकांची. प्रत्येकाने एक गाणं. पियानोवर, मूळ पट्टीत. "मला खिडकीचं गाणं म्हण म्हणतात."

"जाणार?"

"सूर असला तर जाईन. नसला तर जाऊन तोंड काय दाखवू? लोकांसमोर फाटला तर माजं मागचं सगळं पुसलं जाईल. आता सांग भाच्या. मी माजा मला ऐकते, पण बाहेरचा कान तू. हाय का सूर?"

माझ्या आयुष्यात मला एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नसेल. मी पेटीकडे पाहिलं. रुमालाखाली फट होती.

"हाय मामी."

मी अगदीच नालायक नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी पाट एक घर वर आणला. म्हटलं, हळूहळू मूळ जागेवर नेऊ, गळा सवयीने चढेल. सूर फाटला. मामी खुर्चीत बसल्या आणि त्यांना घेरी आली. मी डॉक्टरांना आणलं, ब्लडप्रेशर वाढलेलं. संध्याकाळपर्यंत एकच चाललं होतं, "काल होता रे. आज कुठं गेला?" जेवल्या नाहीत. उद्या सांगतो, असं मी ठरवलं. उद्या उजाडला आणि मी पाट पुन्हा खाली घेतला. सूर आला. मामी देवासमोर उदबत्ती लावून आल्या.

तिकीट निघालं. रोज सूर लागायचा. बायको म्हणाली, "जाणार मामी आहेत, आणि झोप तुमची उडालीय." मी म्हटलं, कंपनीत ताण आहे.

विमानतळावर सोडायला मी गाडीत बरोबर होतो. मामींनी दोन दिवस मौन धरलं होतं, गळ्याला आराम म्हणून. गळ्याभोवती लोकरीचा रुमाल, ऐन उन्हात. माणगावला चहाला थांबलो. ड्रायव्हर पलीकडे गेला. मी म्हणालो, "मामी, एक सांगायचं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं, मग माझ्या गालावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी निरोपाचं काहीतरी बोलणार आणि त्यांना रडू येऊन गळा बसेल. त्या मानेने नको नको म्हणाल्या. मी गप्प झालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तिकडच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने व्हिडिओ पाठवला. तो मी कंपनीच्या कँटीनमध्ये, फोन कानाशी धरून पाहिला. काळा झगा, केसात काहीतरी चमकणारं. किती सुंदर उभ्या होत्या. गाणं छान चाललं होतं. शेवटाला त्यांनी दोन्ही हात बरगड्यांशी नेले, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पियानोवाला एकटाच पुढे गेला. त्यांनी शेवटची ओळ खालच्या सुरात पुरी केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मामी लोकांकडे पाहत नव्हत्या. मान किंचित कलती करून, काहीतरी ऐकायला येतंय का, असं पाहत होत्या.

त्या परत यायच्या आधी मी पाट मूळ जागेवर नेऊन ठेवला. मला वाटलं, प्रकरण संपलं. यात मी काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मामी घरी आल्या त्या सरळ पेटीशी गेल्या. स्वतः भाता मारून वरची पट्टी दाबली. गायल्या. फाटला. पुन्हा दाबली, पुन्हा फाटला.

"बघ," त्या म्हणाल्या. "इथंपण नाय."

"प्रवासाचा शीण असेल मामी. तिकडची थंडी."

"थंडीत मी जन्मले रे." त्या हसल्या सुद्धा. मग म्हणाल्या, "गळा गेला ते जाऊ दे. वय झालं. पण मला ऐकू येत होता ना. रोज. पूर्ण सूर ऐकू येत होता. तू हाय म्हणालास, तू तर मायेनं म्हणालास. माज्या कानानं कसं म्हटलं? नसलेला सूर ऐकत होते मी. भाच्या, कान गेला माजा."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. एक वाक्य बोलायचं होतं. मामी, कान गेला नाही, पेटी मी खाली घेतली होती. मी तांब्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "आराम करा."

बुवांचं आणि मामींचं सारखं नव्हतं, हे मला त्या दिवशी उमगलं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते घेतलं. मामींना मी विचारलंच नाही. आणि बुवा आमच्या खोऱ्याबाहेर कधी गायला जाणार नव्हते.

मामींनी शिकवणी बंद केली. कोणाचं ऐकलं नाही. कंट्रोलर येऊन दारात बसला, तर त्याला म्हणाल्या, "तुजं चांगलं हाय. निदान मला तसं वाटतं." हे 'निदान मला वाटतं' त्यांच्या तोंडी पूर्वी कधी नव्हतं. श्रावणीला त्यांनी जवळ बसवून सांगितलं, "मला खरं ऐकू येत नाय गो. मी तुला चुकीचं शिकवीन. दुसरी बाई बघ."

श्रावणी म्हणाली, "मग माझ्या आवाजाबद्दल म्हणालात ते?"

 "मला ठाऊक नाय," मामी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तिचा बाप माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. उलट समजुतीने बोलत होता. "बाईच म्हणतात कान गेला. मग पोरीचं खरं कशावरून? एवढा खर्च, मुंबईचं राहणं. तुम्हीच सांगा, तुम्ही पेटीवर होतात." मी म्हटलं, "मी काय सांगणार, मी पेटीवाला." त्याने मान डोलावली. श्रावणी आता पोलादपूरला मोबाइलच्या दुकानात बसते. बिल करते, कव्हरं दाखवते. माझा फोन बिघडला की मी मुद्दाम महाडला दुरुस्त करतो.

मामी महाडचं घर सोडून वाडीवर राहायला गेल्या. सासूच्या खोलीत. तांदूळ निवडायच्या, कोंबड्यांशी बोलायच्या, गायच्या नाहीत. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "बाय, आता वरडत नायस?" त्या म्हणायच्या, "देवी उतरली."

शेवटचं पाहिलं ते गणपतीत. आमचं मंडळ त्यांच्या वाडीवर भजनाला गेलं होतं. मामी भिंतीला टेकून बायकांत बसल्या होत्या. नवा पखवाजवाला, घाईत सूर नीट न मिळवता बसलेला. पहिल्या अभंगाला पखवाज पेटीच्या केसभर खाली होता. कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. मामींची मान मात्र झटकन वळली, दुखल्यासारखी. त्यांच्याकडे पाहिलं म्हणून मी नीट कान दिला, तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

मग मी पाहिलं की त्यांनी डोळे खाली घातले. ऐकू आलेलं खोटं मानून परत आत घेतलं.

भजन संपल्यावर मी पाया पडायला गेलो. त्यांनी हळूच विचारलं, "भाच्या, पखवाज खाली होता काय? का मलाच वाटलं?"

"खाली होता मामी. खरंच होता. तुमच्या आधी कोणालाच कळलं नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, थोपटला. "तू नेहमी माजं मन राखतोस," त्या म्हणाल्या. "असू दे."

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. ओसरीवर गर्दी होती, प्रसाद वाटत होते, कोणीतरी मला हाक मारली, आणि मी गेलो.

मामी त्या थंडीत झोपेतच गेल्या. निरोप मला शिफ्टवर कळला. पोचलो तोवर वाडीने सगळं केलं होतं. श्रावणी आली होती. ती बायकांत उभी होती आणि आमची नजरानजर झाल्यावर तिने मला ओळखीची मान हलवली, पूर्वी फोन पर्समध्ये ठेवताना हलवली होती तितकीच साधी.

हे लिहून झालं आहे. छापून येण्याआधी मला पोलादपूरला जायला हवं, त्या दुकानात, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी. मामींचा कान शेवटपर्यंत खरा होता, आणि तिच्या आवाजाबद्दल त्या जे म्हणाल्या तेही खरं होतं. मामींना हे सांगायचं राहून गेलं ते गेलं. श्रावणीला सांगायचं देणं मी अजून लागतो.